गोंगाट सोडल्याचा गुन्हा

मुंढव्यातली एक छोटी जागा, शुक्रवारची संध्याकाळ, चाळीसेक माणसं. पुण्यातल्याच एका बँडने सलग नऊ गाणी वाजवली आणि एकाही गाण्यात कान दुखले नाहीत. माझ्या लेखी ही बातमी होती. शेजारी उभ्या असलेल्या विशीतल्या मुलाच्या लेखी हा विश्वासघात होता. चौथं गाणं संपलं तसा हातातला ग्लास टेबलावर आपटत तो म्हणाला, "संपले काका हे लोक."

बँडचं नाव लिहीत नाही, लेख त्यांच्यापुरता नाही. पण ते आधी काय करायचे हे सांगायला हवं, नाहीतर त्या मुलाचा राग कळणार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते वीस-वीस मिनिटांचा एकेक तुकडा वाजवायचे. गिटारचा आवाज पायाने दाबायच्या, आवाज बदलणाऱ्या इतक्या पेडलांतून गाळून यायचा की तो गिटारचा आहे हे कुणीतरी सांगावं लागे. एकदा त्यांनी मंडईतल्या पहाटेच्या आरोळ्या रेकॉर्ड करून उलट्या फिरवल्या होत्या आणि त्यावर ड्रमरने अकरा मात्रांचं काहीतरी धरलं होतं. बासवाल्याच्या पायाशी दाराच्या फळीएवढा बोर्ड, त्यावर चौदा पेडल. (मी मोजले होते. त्या मैफलींत कधीकधी तेवढंच करण्यासारखं असायचं.) परवा त्याच्या पायाशी एकच पेडल होतं, सूर लावायचं. ड्रमरने स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, घडी घातलेला पंचा टाकला होता आणि काठ्यांऐवजी ब्रश घेतले होते. गायक चक्क गात होता. शब्द कळत होते आणि ते मराठी होते.

प्रयोग करणाऱ्याने साधं वाजवायला घेतलं की ती माघार, हे आपण इतकं धरून चाललोय की त्यावर कुणी वाद घालायच्याही भानगडीत पडत नाही. फार तर सहानुभूती दाखवतो: लग्नं झाली असतील, ईएमआय असतील, चाळिशी आली असेल. मला हा हिशेबच मान्य नाही. अवघड म्हणजे धाडस आणि सोपं म्हणजे तडजोड, यात ऐकणाऱ्याची मोठी सोय आहे. गाणं न ऐकताच निकाल देता येतो.

या वादाचं माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण शिकागोच्या विल्को या बँडचं. १९९४ साली सुरू झालेला हा बँड, मूळ पिंड अमेरिकन गावाकडच्या गाण्यांचा. हळूहळू त्यांनी त्या चालींची मोडतोड सुरू केली आणि 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम केला. चांगल्या, गुणगुणता येतील अशा चाली आणि त्यांच्यावर रेडिओची खरखर, कुठेतरी शॉर्टवेव्हवर एक बाई निर्विकारपणे हेच तीन शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते आहे. २००१ मध्ये रिप्राइज या कंपनीने तो नाकारला. बँडने तो सरळ आपल्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला ठेवला. पुढच्या वर्षी नॉनसच या कंपनीने तो बाजारात आणला. गंमत अशी, की दोन्ही कंपन्या एकाच मोठ्या घरातल्या, म्हणजे मालकाने एकाच मालाचे पैसे दोनदा मोजले. शूर बँड आणि ढ कंपनी, असा हा किस्सा रॉकवाल्यांच्या बैठकीत अजून चवीने सांगितला जातो.

२००४ च्या 'अ घोस्ट इज बॉर्न'मध्ये ते आणखी पुढे गेले. त्यात एक पंधरा मिनिटांचं गाणं आहे. गाणं असं त्यात तीनेक मिनिटं, बाकी सगळी यंत्रांची घरघर. गायक आणि गीतकार जेफ ट्वीडी तेव्हा मायग्रेनने आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने पार खचला होता. त्याच वर्षी तो उपचारांसाठी दाखल झाला. त्या घरघरीचा संबंध त्याने स्वतःच आपल्या डोकेदुखीशी जोडला होता. समीक्षक मात्र खूश. अल्बमला ग्रॅमीही मिळालं.

मे २००७ मध्ये 'स्काय ब्लू स्काय' आला. शिकागोतल्या आपल्याच जागेत सगळ्यांनी एकत्र बसून वाजवलेला, वरून थर चढवणं जवळपास नाही. खरखर गेली, घरघर गेली. उरलं ते गिटार, ऑर्गन आणि एका बऱ्या होत असलेल्या माणसाचा आवाज. लगेच शिक्का बसला: डॅड रॉक. बापांचं रॉक. रविवारी सकाळी गाडी धूत ऐकायचं. आमच्या इथल्या गटातही हा शब्द महिनाभरात पोचला आणि आम्ही तो वापरायलाही लागलो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. मित्राने अमेरिकेहून सीडी आणली होती, दोनदा ऐकली आणि कपाटात टाकली. पुढची पाच-सहा वर्षं ती तिथेच होती.

आता हे बघा. या अल्बमवर गिटार वाजवणारा नेल्स क्लाइन २००४ मध्ये बँडमध्ये आला. उमेदीची वर्षं त्याने मुक्त जॅझ आणि निव्वळ गोंगाट यांत काढलेली. ड्रमर ग्लेन कोची नुसत्या तालवाद्यांचे स्वतंत्र अल्बम करणारा. म्हणजे बँडच्या इतिहासातली सगळ्यात बंडखोर मंडळी खोलीत जमली आणि तेव्हाच बँडने सगळ्यात शांत अल्बम केला. हात थकले होते म्हणून सोपं वाजवलं, हे स्पष्टीकरण इथे टिकत नाही. हात पूर्वीपेक्षा तयार होते.

त्यातलं 'इम्पॉसिबल जर्मनी' ऐका. सुमारे सहा मिनिटं. सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटतं. ड्रम चालत्या माणसाच्या चालीने, गिटार एकमेकींना धक्का न लावता बाजूबाजूने. ट्वीडी थोडंसं गातो आणि निम्म्याच्या आसपास शब्दच संपतात. मग क्लाइनची गिटार. पहिल्यांदा चारदोन सूर, मध्ये भरपूर जागा. माणूस बोलायला उभा राहतो आणि आधी खिसे चाचपतो तसं. मग वाक्यं लांबायला लागतात, श्वास चढतो, एका ठिकाणी वाटतं की आता हा सगळं मोडणार. याला मोडता येतं हे आपल्याला माहीत असतं. तो मोडत नाही. आणि तेवढ्यात दुसऱ्या दोन गिटार जोडीने येतात, पाठ केलेली सुरेल ओळ घेऊन, आणि त्याला हाताला धरून खाली उतरवतात. मोडू शकणारा माणूस मोडत नाही तेव्हा जो ताण तयार होतो, तो ज्याला मोडताच येत नाही त्याच्या वाजवण्यात येत नाही. साधी वाजवणारी हजार गिटार आहेत. ही त्यांच्यातली नाही, आणि हे कळायला मला कपाटातली सीडी साताऱ्याच्या रस्त्यावर गाडीत योगायोगाने लावावी लागली.

अवघडपणाचा दबदबा आपल्या गावात जरा जास्तच आहे. पुण्यात कुठल्याही कलेची पहिली परीक्षा म्हणजे 'कळतं का तुम्हाला?' रॉक ऐकणारी आमची पिढीही याच शाळेतली. कॉलेजात असताना सदाशिव पेठेतल्या एका मित्राच्या घरी पिंक फ्लॉइडचं 'मनी' लावून आम्ही मान हलवत होतो आणि 'सात बीटमध्ये आहे, सातमध्ये' असं एकमेकांना सांगत होतो. मित्राचे वडील तबला वाजवायचे. ते आतून चहा घेऊन आले, दोन आवर्तनं ऐकली, हातावर टाळी-खाली धरून बघितली आणि म्हणाले, "रूपक आहे की. पण याची सम कुठाय? आमच्या रूपकात समेलाच खाली असते." आणि कप ठेवून गेले. (रूपक म्हणजे सात मात्रांचा ताल, सम ही त्याची पहिली मात्रा, आणि खाली म्हणजे जिथे टाळी पडत नाही ती जागा.) ज्या गोष्टीला आम्ही क्रांती समजत होतो ती या घरात दहा वर्षांच्या विद्यार्थ्याला 'ती ती ना धी ना धी ना' म्हणून शिकवत होते. सात मात्रांत वाजवणं अवघड नाही. सात मात्रांत असूनही ते जाणवू न देणं अवघड आहे, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

खरं तर मराठी माणसाला हे परक्याकडून शिकायची गरजच नव्हती. कुमार गंधर्वांनी मुंबईत देवधर मास्तरांकडे तालीम घेतली, पुढे क्षयाने त्यांना काही वर्षं गाण्यापासून तोडलं, देवासच्या त्या अंथरुणावर त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली आणि त्यांतून धुनउगम राग उभे केले. घराण्याच्या चौकटीत न बसणारा, परंपरावाल्यांच्या रोषाचा धनी झालेला हा प्रयोगशील गवई. त्याने पुढे काय केलं? 'मला उमजलेले बालगंधर्व' नावाचा कार्यक्रम केला. बालगंधर्व! म्हणजे प्रत्येक मराठी घरात आजीच्या तोंडी असलेली पदं. त्याच कुमारांनी भा. रा. तांब्यांच्या कविता गायल्या, आणि निर्गुणी भजनं तर अशी की दोन तंबोरे आणि एक फेक, बस्स. 'उमजलेले' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. 'आवडलेले' नाही, 'आठवलेले' नाही. जुन्याकडे परत जायचं ते कळलेलं घेऊन. त्यांना बालगंधर्वांची नक्कल करायची असती तर ते काही अवघड नव्हतं. ऐकणाऱ्यांना तेच हवंही असतं.

तिकडे भीमसेनजी. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालवणारा, तासतासभर एक राग मांडणारा माणूस राम फाटकांनी चाल दिलेला नामदेवांचा अभंग गातो, आणि पुढे 'संतवाणी'ला गर्दी लोटते. अभंगात रमलेला भीमसेन संपला असं म्हणणारा तेव्हाही कुणीतरी असेलच. पुणं आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. सगळा साधेपणा कमावलेला असतो असं मी म्हटलं तर तो मुलगा मला हसेल आणि त्याचं बरोबर असेल. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं असं धरतात. त्यामुळे पहिल्या तीस सेकंदांत कुणी दचकून पळू नये अशी गाणी बनतात. सुरुवात मऊ, मधे मऊ, शेवटही मऊ. 'कॉफी पिताना', 'पाऊस पडताना', 'झोपताना' अशा याद्यांत बसणारी. ही शांतता ऐकायची नसते, ती वापरायची असते.

पुण्यात आणखी एक कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ती सणावारांत जाते. नियम योग्यच आहे. पण कोरेगाव पार्क असो की बाणेर, हॉटेलवाल्याला शेजारच्या सोसायटीचा फोन नको असतो. मग तो बँडला सांगतो, 'अनप्लग्ड करा ना, ड्रम नकोच, तो हातांनी वाजवायचा लाकडी खोका चालेल.' त्यामुळे शहरात जे शांत वाजतंय त्यातलं पुष्कळसं आतून आलेलं नाही, ते भाडेकराराच्या अटींतून आलंय. याच शहरात विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात भिंतीएवढे स्पीकर ट्रकवर चढतात तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात. आमचा गोंगाटाला विरोध नाहीच, त्यामागे मंडळ हवं.

आणि विल्कोचं सांगायचं तर त्या शांत अल्बमची गाणी २००७ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातींत वाजली. चाहते खवळले. मी जर 'साधेपणा म्हणजे पावित्र्य' असं म्हणत असतो तर इथे माझी पंचाईत झाली असती. पण जाहिरातीत गेलं म्हणून त्या गिटारमधला ताण सैल होत नाही, आणि कंपनीने नाकारलं म्हणून आधीचा अल्बम थोर होत नाही. तो थोर आहे त्याची कारणं त्याच्या आत आहेत. कुणी विकत घेतलं आणि कुणी हाकललं, यावरून संगीत जोखणं म्हणजे पुन्हा न ऐकता निकाल देणंच.

मग ओळखायचं कसं? माझी पद्धत अगदी घरगुती आहे. साध्या गाण्यात टाकून दिलेल्या गोष्टी ऐकू येतात का ते बघायचं. ज्याने कधी काही मांडलंच नव्हतं त्याची खोली रिकामी असते. ज्याने सामान हलवलंय त्याच्या खोलीत भिंतीवर फ्रेमच्या जागा फिक्या दिसतात. परवा मुंढव्याला तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा मी पायाने ठेका धरला आणि दुसऱ्या कडव्यात पाय चुकला. पुन्हा धरला, पुन्हा चुकला. तेव्हा लक्षात आलं की हे सातात आहे. ड्रमर ब्रशने इतकं सपाट, इतकं शेतातून चालल्यासारखं वाजवत होता, आणि गायकाने ओळी अशा तोडल्या होत्या की मराठी बोलण्याच्या ओघात ती सातवी मात्रा दम घेतल्यासारखी यायची. सात-आठ वर्षं अकरा मात्रांशी झटापट केल्याशिवाय हे येत नाही. मंडईतल्या आरोळ्याही होत्या, नुसता त्यांचा चढ-उतार, गायकाच्या तानेत. शेजारच्या मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "असेल, पण मग लपवता कशाला?" प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर असं, की लपवलेलं नाही, मुरलेलं आहे. त्याला ते पटलं नाही. लोणच्यातली फोड दिसायला पाहिजे असं त्याचं म्हणणं.

त्याची बाजू घेऊन एक सांगतो. तो चिडला होता कारण त्याला या शहरात दुसरीकडे गोंगाट ऐकायला मिळत नाही. एक बँड होता, तोही शांत झाला. नाटकवाल्यांचं तसं नाही. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात उभा राहिला, वादात सापडला, तो बसवणाऱ्या संस्थेनेच थांबवला, तर पुढच्या वर्षी त्यातल्या मुलांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि नाटक पुढे नेलं. दिग्दर्शक जब्बार पटेलांनी दोन-तीन वर्षांत 'सामना'सारखा सरळ गोष्ट सांगणारा सिनेमा केला, त्यांना कुणी पळपुटे म्हटलं नाही. प्रायोगिकची एक जागा गावात होतीच. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचाने वर्षानुवर्षं शे-सव्वाशे प्रेक्षकांत फसायची मुभा दिली. मराठीत तर नाटकाच्या प्रत्येक खेळाला आपण 'प्रयोग'च म्हणतो, अगदी संसारी विनोदी नाटकाचाही प्रयोगच होतो. गाण्याला मात्र मैफल, कार्यक्रम, शो. रॉकला 'गिग'. त्यात फसायला जागा नाही, बिल फाटलं पाहिजे.

म्हणून माझी मागणी बँडकडे नाही. कुणी सौम्य व्हावं की कर्कश राहावं हे त्याचं त्याने ठरवावं. मागणी इतकीच, की कलादालनं, नाट्यगृहांच्या तालीम-खोल्या, महाविद्यालयांची दुपारी रिकामी पडणारी सभागृहं, यांनी महिन्यातून एक दुपार असल्या आवाजांना द्यावी. दुपारी! दहाचा नियम आड येत नाही, शेजारी कामावर गेलेले असतात. आवाज अडवणारी भिंत एकदा उभी केली की ती तबल्यालाही चालते. गोंगाटाला हक्काची जागा मिळाली की शांततेवर संशय घ्यायची गरज उरत नाही. नाहीतर होतं असं, की जो एकटा गोंगाट करतो त्याच्यावर सगळ्या शहराच्या बंडखोरीचं ओझं, आणि तो जरा खाली बसला की गद्दार.

पावणेदहाला मालकाने लांबून मनगटावर बोट आपटून दाखवलं. शेवटचं गाणं त्यांनी गुंडाळलं नाही, पण कडवं एक कमी केलं. नंतर सामान आवरताना ड्रमर भेटला. पंचा झटकून घडी करत होता. मी त्याला तिसऱ्या गाण्याबद्दल म्हटलं, तर तो नुसता हसला. मग म्हणाला, "दादा, पुढचं काम पुन्हा आवाजाचं आहे. एकच तुकडा, चाळीस मिनिटं. चार अ‍ॅम्प लागतील. इथे मालकाला विचारलं, तो नाही म्हणाला. तुमच्या बघण्यात एखादी जागा?"

मी पटकन आमच्या सोसायटीच्या हॉलचं नाव घेतलं. पार्किंगमध्ये येईपर्यंत मला सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवला.